ताप का आला नाही? मायडी८८ नावाच्या जोडप्रथिनाची गोष्ट

बाळ किरकिर करायला लागलं, दूध पिईना झालं की घरातलं कुणीतरी आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघतं. कपाळ गार लागलं तर सगळ्यांचा जीव थोडा भांड्यात पडतो. डॉक्टरही साधारण हेच करतात. फक्त हाताऐवजी थर्मामीटर वापरतात आणि शंका आली तर रक्तातलं सीआरपी तपासायला सांगतात. ताप आणि वाढलेलं सीआरपी म्हणजे कुठेतरी जंतुसंसर्ग असावा, असा आपला सरळ हिशोब असतो.

आता उलटा विचार करा. जंतू रक्तात शिरलेत, भराभर वाढताहेत, पण ताप नाही आणि सीआरपीही जेमतेम. अशी मुलं खरंच असतात. संख्येने फार थोडी, पण असतात. त्यांच्या पांढऱ्या पेशी जागच्या जागी असतात, अँटिबॉडीही बऱ्यापैकी तयार होतात. नसतं ते एकच प्रथिन. आणि गंमत म्हणजे हे प्रथिन स्वतः काहीच 'करत' नाही. ते कशाचे तुकडे करत नाही, कशावर रासायनिक खूण चढवत नाही, जंतूला हातही लावत नाही. ते फक्त दोन प्रथिनांना एकमेकांशी जोडतं. त्याचं नाव मायडी८८.

अशा प्रथिनांना अडॅप्टर प्रथिनं म्हणतात. मी त्यांना जोडप्रथिनं म्हणणार आहे. माझ्या पीएचडीचा बराचसा वेळ यांच्याच मागे जातो, आणि "जे काहीच करत नाही त्याच्यावर पाच वर्षं काय करणार?" हा प्रश्न मला घरी-दारी ऐकायला मिळतो. हा लेख म्हणजे त्याचं सविस्तर उत्तर समजा.

आधी दारापाशी काय होतं ते बघू

पेशीच्या बाहेरची बातमी आत नेण्याचं काम रिसेप्टर करतात. मराठी पुस्तकांत यांना ग्राही म्हणतात. रिसेप्टर पेशीच्या पटलात आरपार रोवलेला असतो. त्याचं एक टोक बाहेर, एक आत. बाहेरच्या टोकाला ठरावीक रेणू येऊन बसला की रिसेप्टरची ठेवण बदलते, किंवा दोन रिसेप्टर जवळ येऊन त्यांची जोडी होते. हा बदल आतल्या टोकापर्यंत पोचतो.

पुढे काय होणार हे आतल्या टोकावर अवलंबून असतं. इन्शुलिनच्या रिसेप्टरचं आतलं टोक हे स्वतःच एक एन्झाइम आहे. इन्शुलिन बसलं की ते चालू होतं आणि शेजारच्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवायला लागतं. म्हणजे घंटा आणि बटण एकाच डबीत.

जंतू ओळखणाऱ्या टोल-लाइक रिसेप्टरांचं तसं नाही. यांना थोडक्यात टीएलआर म्हणतात, आणि माणसात ते दहा प्रकारचे असतात. टीएलआर४ हा जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस, ओळखतो. टीएलआर५ जिवाणूंच्या शेपटीतलं प्रथिन ओळखतो. टीएलआर३, ७, ८ आणि ९ पेशीच्या आतल्या पिशव्यांमध्ये बसून आरएनए किंवा डीएनएवर नजर ठेवतात. पण यातल्या एकाच्याही आतल्या टोकाला फॉस्फेट चढवता येत नाही. तिथे फक्त 'टीआयआर' नावाचा एक भाग असतो, विशिष्ट आकाराचा खाचा-उंचवट्यांचा ठोकळा. म्हणजे बातमी दारापर्यंत आली, पण पुढे ओरडून सांगायला रिसेप्टरला तोंडच नाही.

तीन पिनचा प्लग, दोन पिनचा बोर्ड

ओरडून सांगणारं एन्झाइम पेशीत तयार असतं. त्याचं नाव आयरॅक४. ते फॉस्फेट चढवू शकतं. पण त्याच्याकडे टीआयआर ठोकळा नाही. त्याच्याकडे वेगळ्याच घाटाचा एक भाग आहे, ज्याला 'डेथ डोमेन' असं भयंकर नाव पडलंय. असे भाग आधी पेशीच्या मरणाशी संबंधित प्रथिनांत सापडले, म्हणून हे नाव. इथे त्याचा मरणाशी संबंध नाही.

थोडक्यात, रिसेप्टर तीन पिनचा आणि आयरॅक४ दोन पिनचा. दोघं समोरासमोर आले तरी एकमेकांत बसणार नाहीत. मायडी८८ जेमतेम २९६ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. त्याच्या एका टोकाला टीआयआर आहे, दुसऱ्या टोकाला डेथ डोमेन. टीआयआरने ते रिसेप्टरला धरतं, डेथ डोमेनने आयरॅक४ ला. बास, एवढंच.

मधला छोटासा भागही महत्त्वाचा आहे. आपल्या पेशी कधीकधी मायडी८८ ची एक आखूड आवृत्ती बनवतात, ज्यात हा मधला भाग गाळलेला असतो. ही आवृत्ती रिसेप्टरला धरते, पण आयरॅक४ ला ओढून आणू शकत नाही. त्यामुळे ती जागा अडवून बसते आणि संदेश थांबतो. पेशी हिचा उपयोग ब्रेकसारखा करते. म्हणजे जोडप्रथिनात थोडीशी काटछाट केली की तेच प्रथिन अडथळा बनतं.

मात्र विजेच्या अडॅप्टरची उपमा इथून पुढे तोकडी पडते. विजेचा अडॅप्टर एक असला की काम भागतं. मायडी८८ मात्र एकेकटं काम करत नाही. २०१० साली या जोडणीची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात गोल जिन्यासारखा एक मनोरा दिसला. खाली मायडी८८ ची सहा प्रथिनं, त्यावर आयरॅक४ ची चार, आणि त्यावर आयरॅक२ ची चार. याला 'मिडोसोम' म्हणतात. एकटं आयरॅक४ गप्प असतं. चार आयरॅक४ एकमेकांना खेटून बसली की ती एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि जागी होतात. म्हणजे मायडी८८ चं खरं काम गर्दी जमवणं हे आहे. रसायनशास्त्र बाकीचे करतात, पण त्यांना एका जागी, एका वेळी, योग्य तोंड करून बसवतं ते हे.

याचा एक फायदा सहज लक्षात येईल. एखादा रिसेप्टर चुकून हलला, एखादं मायडी८८ चुकून चिकटलं, तर मनोरा उभा राहत नाही. पुरेशी माणसं जमल्याशिवाय सभा सुरू होत नाही, तसंच.

मनोऱ्यापासून कपाळापर्यंत

मनोरा उभा राहिला की पुढची साखळी वेगाने चालते. आयरॅक४ पाठोपाठ आयरॅक१ जागं होतं, मग ट्रॅफ६, मग टॅक१, मग आयकेके नावाचं एन्झाइम. नावं लक्षात ठेवू नका, मलाही पहिल्या वर्षी भिंतीवर चिकटवून ठेवावी लागली होती. शेवट महत्त्वाचा आहे. एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन पेशीच्या केंद्रकाबाहेर बांधून ठेवलेलं असतं. त्याला बांधणारं जे प्रथिन आहे, ते आयकेकेमुळे नष्ट होतं. सुटलेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतं आणि संरक्षणाची जनुकं चालू करतं. प्रयोगशाळेत मॅक्रोफेज पेशींवर एलपीएस घातलं की साधारण १५ ते ३० मिनिटांत हे बांधणारं प्रथिन नाहीसं होताना दिसतं. ब्लॉटवरची ठळक पट्टी फिकट होते, मग थोड्या वेळाने परत येते. कितीही वेळा बघितलं तरी मला ते बघायला आवडतं.

चालू झालेल्या जनुकांतून टीएनएफ, आयएल-१ आणि आयएल-६ असे निरोपे रेणू तयार होतात आणि रक्तात उतरतात. आयएल-६ यकृतात पोचलं की यकृत सीआरपी बनवायला लागतं. आयएल-१ आणि मंडळींचा निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपाशी पोचला की तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि शरीराचं तापमान वरच्या आकड्यावर लावलं जातं. हाच ताप. तापाच्या गोळ्या हे प्रोस्टाग्लँडिन कमी करूनच ताप उतरवतात.

म्हणजे ताप जंतू आणत नाही. ताप आपणच तयार करतो. सीआरपीसुद्धा आपलंच यकृत तयार करतं. ज्याला आपण संसर्गाची खूण म्हणतो, ती खरं तर आपल्या प्रतिसादाची खूण असते.

आणखी एक गोष्ट. आयएल-१ च्या स्वतःच्या रिसेप्टरचं आतलं टोकही टीआयआरच आहे. किंबहुना टीआयआर या नावातला 'आयआर' तिथूनच आलाय. त्यामुळे त्यालाही मायडी८८ च लागतं. जंतू आल्याचा निरोप तयार करायला मायडी८८, आणि त्यातला एक मुख्य निरोप ऐकायलाही मायडी८८. एकच जोड दोन ठिकाणी.

ज्या मुलांत हा जोडच नाही

मायडी८८ चं जनुक १९९० साली सापडलं, तेव्हा त्याचा जंतूंशी काही संबंध असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. उंदराच्या रक्ताच्या कर्करोगातल्या पेशींना आयएल-६ दिलं की जी जनुकं लगेच चालू होतात, त्यांतलं ते एक होतं. १९९६ मध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने दाखवलं की टोल जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीला बळी पडतात. १९९७ मध्ये रुस्लान मेझितोव्ह आणि चार्ल्स जेनवे यांनी माणसातलं तसलंच प्रथिन पुढे आणलं. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने एलपीएसचा रिसेप्टर टीएलआर४ आहे हे दाखवलं. हॉफमन आणि बॉयटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं. याच सुमारास जपानमध्ये शिझुओ अकिरा यांच्या गटाने मायडी८८ नसलेले उंदीर तयार केले. या उंदरांना एरवी जीव घेईल एवढं एलपीएस टोचलं तरी ते तगले, कारण त्यांच्या पेशींना ते जाणवतच नव्हतं. पण तेच उंदीर जिवंत जंतूंपुढे लगेच हरले. घंटा न वाजल्यामुळे शांतता मिळाली, चोर काही थांबला नाही.

मग माणसात काय होत असेल? पॅरिसमध्ये जाँ-लोराँ काझानोवा यांच्या गटाने २००३ मध्ये आयरॅक४ नसलेली तीन मुलं नोंदवली आणि २००८ मध्ये मायडी८८ नसलेली नऊ. २०१० मध्ये दोन्ही प्रकारच्या मिळून ६० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. हे रुग्ण १५ देशांतले होते. जोड नसलेले आणि जोडाच्या पुढचं एन्झाइम नसलेले, यांच्यात डॉक्टरांना फरक करता आला नाही. आजार हुबेहूब सारखा. जोडणारा नसला काय आणि करणारा नसला काय, परिणाम एकच!

या ६० पैकी ४१ जणांना न्युमोकॉकस या जिवाणूचा खोलवरचा संसर्ग झाला होता, म्हणजे रक्तात, मेंदूच्या आवरणात, सांध्यांत. ५३ जणांना असा पहिला गंभीर संसर्ग दोन वर्षांच्या आत झाला. २४ जण दगावले. त्यातले १० तर पहिल्याच गंभीर संसर्गात. आणि त्या आढाव्यात एक वाक्य आहे, जे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचायचं थांबले होते. संसर्ग चालू असताना शरीरात दाहाची जी लक्षणं दिसायला हवीत, ती बहुतेकांत क्षीण होती किंवा उशिरा आली. म्हणजे कपाळाला हात लावून बघणाऱ्या आईला आणि सीआरपीचा रिपोर्ट बघणाऱ्या डॉक्टरला, दोघांनाही सुरुवातीला "फार काही नाही" असंच वाटू शकतं.

ताप अजिबातच येत नाही असं मात्र नाही. निरोप जायला आणखी काही वाटा आहेत. टीएलआर४ कडे मायडी८८ शिवाय ट्रिफ नावाचं दुसरं जोडप्रथिन आहे. त्यामुळे प्रतिसाद मिळतो, पण मंद आणि उशिरा. न्युमोकॉकससारख्या जंतूला तेवढी सवड पुरेशी असते.

उंदरांनी जे सांगितलं नव्हतं

उंदरांकडे बघून वाटलं होतं की मायडी८८ नसलेलं माणूस सगळ्याच जंतूंना बळी पडेल. तसं झालं नाही. त्या ६० जणांत विषाणू, बुरशी किंवा परोपजीवी यांचे गंभीर आजार नोंदवले गेले नाहीत. मुख्य शत्रू तीनच: न्युमोकॉकस, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्युडोमोनास. आणखी नवल म्हणजे आठ वर्षांनंतर एकही मृत्यू नाही, आणि चौदा वर्षांनंतर एकही गंभीर खोल संसर्ग नाही. वाढत्या वयाबरोबर अँटिबॉडी आणि स्मरणपेशींची फळी भक्कम होत जाते आणि ती ही उणीव भरून काढत असावी, असं याचं सर्वसाधारण स्पष्टीकरण दिलं जातं.

"विषाणूंचं भय नाही" हा निष्कर्ष मात्र कोविडने बदलायला लावला. २०२३ मध्ये आठ देशांतल्या अशा २२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. सगळे लस न घेतलेले आणि वयाने लहान, सरासरी वय अकराच्या आसपास. एरवी या वयात कोविड सर्दी-खोकल्यावर जातो. इथे २२ पैकी १६ जणांना न्यूमोनिया होऊन रुग्णालयात न्यावं लागलं आणि एक दगावला. कारण टीएलआर७. हा रिसेप्टर कोरोनाविषाणूचा आरएनए ओळखतो आणि त्याचं जोडप्रथिन मायडी८८ आहे. टीएलआर३ सोडला तर सगळेच टीएलआर मायडी८८ वर अवलंबून आहेत, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य इथे एकदम खरंखुरं होऊन समोर आलं.

आणि जोड सुटलाच नाही तर?

आता दुसरं टोक बघू. मायडी८८ च्या साखळीत २६५ व्या जागी ल्युसिन असतं. तिथे प्रोलिन आलं, एवढा एकच बदल झाला, तर मायडी८८ बाहेरून निरोप न येताही मनोरे उभारायला लागतं. एनएफ-कप्पा-बी सतत केंद्रकात, आणि बी पेशींना सतत "जगा, वाढा" असा हुकूम. २०११ मध्ये एका आक्रमक प्रकारच्या लिम्फोमाच्या २९ टक्के गाठींत हाच बदल सापडला. २०१२ मध्ये वाल्डेनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया या रक्ताच्या कर्करोगात तो सुमारे ९० टक्के रुग्णांत दिसला.

इथे औषध बनवणाऱ्यांची पंचाईत होते. एन्झाइमला एक खोबण असते, जिथे त्याची रासायनिक क्रिया चालते. त्या खोबणीत पाचर मारली की एन्झाइम बंद. जोडप्रथिनाला अशी खोबणच नसते. त्याची सगळी कामगिरी रुंद, सपाट पृष्ठभागांवर चालते, आणि तिथे छोटा रेणू टिकून बसत नाही. मग उपाय काय? शेजाऱ्याला पकडायचं. बिघडलेलं मायडी८८ बीटीके नावाच्या एन्झाइमलाही कामाला लावतं. त्या बीटीकेला बंद करणारं इब्रुटिनिब हे औषध वाल्डेनस्ट्रॉमसाठी अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालं. आयरॅक४ ला थांबवणाऱ्या रेणूंच्याही चाचण्या झाल्या आहेत. ज्या मुलांत आयरॅक४ जन्मतःच नाही, त्यांच्या अनुभवाने या औषधांना एक अंदाज आधीच दिलाय: मोठ्या माणसात हे एन्झाइम बंद केलं तर फार बिघडणार नाही, पण तान्ह्या बाळात मात्र जपून.

शंका कधी घ्यायची?

हा आजार फार दुर्मीळ आहे, तेव्हा ताप नाही म्हणून कुणी घाबरून जाऊ नका. पण एखाद्या बाळाला वर्ष-दोन वर्षांच्या आत पुन्हापुन्हा रक्तातला, मेंदूच्या आवरणाचा किंवा सांध्यांचा जिवाणूसंसर्ग होत असेल, दर वेळी ताप आणि सीआरपी आजाराच्या मानाने कमीच असेल, किंवा घरातलं आधीचं मूल अशाच संसर्गाने गेलं असेल, तर शंका घ्यायला हवी. काही बाळांची नाळही उशिरा गळते. आजार व्हायला आईवडील दोघांकडून बिघडलेलं जनुक यावं लागतं, म्हणून जवळच्या नात्यात लग्न झालेल्या घरांत शक्यता वाढते.

तपासणीची कल्पना साधी आहे. बाळाचं थोडं रक्त घ्यायचं, त्यात जिवाणूंचे तुकडे घालायचे, आणि पेशी प्रतिसाद देतात का ते बघायचं. निरोगी पांढऱ्या पेशी अशा वेळी पृष्ठभागावरचं सीडी६२एल नावाचं प्रथिन झटकून टाकतात. या मुलांच्या पेशी ते झटकत नाहीत. मग जनुक वाचून खात्री करतात. आपल्याकडे मुंबईत परळला, केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दोषांवर काम करते.

निदान झालं तर हातात काय आहे? नुसता जोड नव्याने बसवणारं औषध नाही. पण रोजची प्रतिबंधक अँटिबायोटिक, न्युमोकॉकसची लस, आणि गरज पडली तर अँटिबॉडीचं इंजेक्शन यांचा फायदा होतो, हे त्याच ६० जणांच्या आढाव्यात दिसलं. न्युमोकॉकसची लस भारताच्या सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर पोचली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, असे तीन डोस. ते बाळ कुठल्या जनुकांचं आहे हे कुणालाच माहीत नसताना ते दिले जातात, म्हणून ते चुकवू नका.

आणि अशा मुलाच्या घरच्यांना डॉक्टर एक वेगळा नियम घालून देतात. बाळ मलूल वाटलं की ताप यायची वाट बघायची नाही, लगेच अँटिबायोटिक सुरू करायचं आणि रुग्णालय गाठायचं. चौदा वर्षांचं होईपर्यंत एवढं सांभाळलं, तर पुढचा रस्ता बराच सोपा असतो.